ब्राउझर 'थांबा' म्हणतो तेव्हा

हायडेलबर्गच्या ब्युर्गरआम्टमध्ये तुम्ही पत्ता नोंदवायला जाता, तेव्हा काउंटरवरच्या बाई तुम्हाला ओळखत नसतात. त्या पासपोर्ट बघतात. तो भारत सरकारने दिलेला असतो, म्हणून तुमच्या नावावर त्यांचा विश्वास बसतो.

वेबसाइटचंही असंच आहे. समजा, तुम्ही आजीच्या पुण्यातल्या बँकेची साइट उघडलीत. साइट ब्राउझरला एक डिजिटल प्रमाणपत्र दाखवते. त्यावर साइटचं नाव, मुदत आणि ते देणाऱ्या संस्थेची सही असते. भरवशाच्या संस्थांची यादी ब्राउझरकडे असते. यातलं काही जुळलं नाही, की 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' अशी सूचना येते.

लगेच 'पुढे जा' दाबू नका. खालची बारीक अक्षरं वाचा. क्रोममध्ये तिथे 'डेट' हा शब्द असेल, तर आधी आपल्याच लॅपटॉपचं घड्याळ बघा. बरेच महिने बंद असलेला जुना लॅपटॉप कधीकधी काही वर्षं मागे जातो! तारीख बरोबर असेल, तर साइटच्या प्रमाणपत्राची मुदत संपली असणार. ते काम साइटवाल्यांचं. 'कॉमन नेम' दिसलं, तर पत्ता नीट टाइप केलाय का ते तपासा.

'ऑथॉरिटी' हा शब्द आला, तर सही करणारी संस्था यादीत नाही. घरातल्या फ्रिट्झबॉक्सचं पान 'एचटीटीपीएस'ने उघडलं तरी असंच होतं, कारण त्याच्या प्रमाणपत्रावर त्याचीच सही असते. डबा आपल्याच घरात आहे, तिथे पुढे गेलात तरी चालेल. पण स्टेशनच्या फुकट वायफायवर बँकेच्या पानाला ही सूचना आली, तर मध्ये कुणीतरी बसून आजीचा पासवर्ड वाचू शकतं. वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावर तेच पान उघडा. सूचना गेली, तर गडबड वायफायची होती.

मग यादीतल्या संस्थेकडूनच चूक झाली तर? तसंही झालंय. जुलै 2014 मध्ये भारताच्या 'एनआयसी' या सरकारी संस्थेकडून गूगलच्या नावाची प्रमाणपत्रं निघालेली सापडली. गूगलने ती मागितलीच नव्हती. मायक्रोसॉफ्टच्या यादीत भारत सरकारची मूळ सही होती, त्यामुळे विंडोजवरच्या इंटरनेट एक्स्प्लोररला ती खरी वाटली असती. फायरफॉक्सची यादी वेगळी. तिच्यात ती सही नव्हती. 3 जुलैला एनआयसीचा सहीचा अधिकार रद्द झाला.

म्हणून एखादी साइट एका ब्राउझरमध्ये उघडते आणि दुसऱ्यात अडते, तेव्हा दोन याद्यांमध्ये फरक असू शकतो. अशा वेळी आधार नंबर किंवा पासवर्ड टाकू नका. आजीला फोन करा, पासबुकावरचा नंबर घ्या आणि बँकेलाच विचारा. फक्त भारतातली वेळ बघून करा, हिवाळ्यात त्यांचं घड्याळ साडेचार तास पुढे असतं.