चेटकिणीच्या हाती केरसुणी

चेटकीण म्हटली की आज मुलांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते: बाकदार नाक, टोकदार काळी टोपी आणि बसायला झाडू. मूल हिंगण्याचे असो वा मुंबईचे, चित्र तेच. आपल्या आज्यांना मात्र ते ठाऊक नव्हते. त्यांची हडळ उलट्या पावलांची, मेलेल्या बाईचे भूत. चेटकीण ही जिवंत बाई. दोघींपैकी एकही झाडूवर बसून उडाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. उडेल कशी? आपल्याकडे केरसुणी म्हणजे लक्ष्मी. दिवाळीत तिला हळदकुंकू वाहावयाचे, चुकून पाय लागला तर नमस्कार करावयाचा. अशा वस्तूवर मांड ठोकण्याची कल्पना आपल्या आज्यांना सुचावी कोठून?

झाडू आला युरोपातून. मार्तँ ल फ्रांक या कवीच्या काव्याच्या १४५१ च्या हस्तलिखितात, पानाच्या कडेला, दोन बाया उडताना काढल्या आहेत. एक झाडूवर, दुसरी साध्या काठीवर. पुढे दोनच वर्षांनी झाडूवरून उडाल्याची कबुली न्यायासनापुढे दिली ती गियोम एदलँ याने, आणि हा तर पुरुष, मठाचा प्रमुख! पण चित्रकारांनी झाडू बाईच्याच गळ्यात बांधला. घर झाडण्याचे काम तिचेच ना! त्या काळी हे चित्र हसण्याचे नव्हते. पुढील तीन शतकांत चेटकाच्या आरोपावरून युरोपात चाळीस ते साठ हजार माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया. खटले ओसरले तेव्हा चित्रही पालटले. १७९९ साली स्पेनच्या गोयाने एकाच झाडूवर म्हातारी आणि तरुणी बसविली, ती समाजाच्या भोळेपणाची टर उडविण्यासाठी.

आपल्या रंगभूमीवर तर चेटकीण पोरांची लाडकीच झाली. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधील चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगविली, २०१८ पासून वैभव मांगल्यांनी. मुले भितात आणि पुन्हा पाहावयास जातात.

पण रंगमंचाबाहेरची ‘डाकीण’ वेगळी. सातपुड्याच्या पाड्यांतून मूल दगावले, गुरे मेली, की एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखविले जाते. मागे कित्येकदा जमिनीचा तंटा असतो. तिच्याजवळ ना टोपी, ना झाडू. म्हणूनच चित्रावर हसणारे आपण तिला ओळखत नाही.

आपल्या वऱ्हाडात खराटा हाती घेतलेला एक माणूस होऊन गेला. गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात नवस, बळी, अंगारे यांवर लोकांनाच उलटे प्रश्न विचारीत. बाबा १९५६ साली गेले. जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर सत्तावन्न वर्षांनी, २०१३ साली आला. तोही नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर. एखाद्या व्यक्तीवर करणीचा आळ घेऊन तिचे जगणे अशक्य करणे, हा या कायद्याने गुन्हा ठरला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. तक्रार पोलीस ठाण्यात करावयाची, आणि ती त्या बाईलाच नव्हे, तिच्या घरच्यांनाही करता येते.