प्रत्येक मुलाची जबाबदारी: जिल्हा परिषद, महापालिका आणि आपले गैरसमज

मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. बहुतेकांना त्यातली २५ टक्के राखीव जागांची तरतूद तेवढी माहीत असते. याच कायद्याच्या ९व्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे ग्रामीण भागात जिल्हा परिषदेची आणि शहरात महापालिका-नगरपालिकेची कर्तव्यं एकेक करून लिहिली आहेत. ती ठाऊक नसल्यामुळे ज्या मुलांना आधाराची सर्वांत जास्त गरज असते, तीच शाळेबाहेर राहतात. म्हणून नेहमी कानावर येणारे काही गैरसमज इथे तपासून पाहू.

गैरसमज: जिल्हा परिषदेची जबाबदारी तिच्या स्वतःच्या शाळांपुरती.

वस्तुस्थिती: शाळा चालवणं हा त्या जबाबदारीचा एक भाग झाला. आपल्या हद्दीत राहणाऱ्या १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांची नोंद ठेवणं, प्रत्येकाला प्रवेश मिळाला का, ते रोज येतं का आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण करतं का, यावर लक्ष ठेवणं हेही तिचंच काम आहे. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांशी शाळेत भेदभाव होऊ नये, हे पाहणंही याच कलमात येतं. पटावर नाव असलेलं पण वर्गात न दिसणारं मूल आणि कोणत्याच पटावर नसलेलं मूल, या दोघांचाही हिशेब स्थानिक संस्थेला द्यावा लागतो. मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी ते आपल्या शाळेत आहे की दुसऱ्याच्या, यावर ठरत नाही. ते आपल्या हद्दीत राहतं, एवढं पुरेसं आहे.

गैरसमज: पालकच मुलाला पाठवत नाहीत, त्याला प्रशासन काय करणार?

वस्तुस्थिती: राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आजच्या कायद्याने सक्तीचा भार सरकार आणि स्थानिक संस्थांवर टाकला आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहेच, पण ते चुकलं म्हणून त्याला दंड नाही. हा फरक विचारपूर्वक केलेला आहे. मूल शाळेत येत नाही, त्यामागे बहुधा घरातलं लहान भावंड, आजारी आई, मजुरी किंवा लांबची वाट असते. ते कारण शोधून दूर करण्याची ताकद प्रशासनाकडे आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या आईकडे नाही.

गैरसमज: दाखला नाही, आधार नाही, वर्षही अर्धं संपलं, आता प्रवेश पुढच्या जूनमध्येच.

वस्तुस्थिती: वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशाची मुदत टळून गेली, तरीही नाकारता येत नाही. मूल एका शाळेतून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जात असेल, तर शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही. उलट जो मुख्याध्यापक दाखला द्यायला उशीर लावतो, त्याच्यावरच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

कधीच शाळेत न गेलेल्या दहा वर्षांच्या मुलीला पहिलीत बसवायचं नसतं. तिला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा आणि इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं, असं ४थं कलम सांगतं. अशा मुलांना वयाची चौदा वर्षं उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत मोफत शिकता येतं.

गैरसमज: ऊसतोड कामगारांची मुलं दिवाळीनंतर जाणारच, शाळा त्यात काही करू शकत नाही.

वस्तुस्थिती: हा समज सर्वांत खोल रुजला आहे आणि त्याने नुकसानही सर्वांत जास्त केलं आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडावर जातात. हंगाम सुरू होतो तो शाळेच्या पहिल्या सत्राच्या शेवटी आणि आटोपतो तो वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. म्हणजे जवळजवळ निम्मं वर्ष बुडतं. असं दोन-तीन वर्षं झालं की मूल वर्गात मागे पडतं, मग लाजतं आणि शेवटी येणं बंद करतं. त्यातही मोठ्या मुलीच्या वाट्याला पालावर धाकट्यांना सांभाळणं आणि पाणी भरणं येतं.

स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं, हे ९व्या कलमात वेगळं नमूद केलेलं कर्तव्य आहे. महाराष्ट्रात त्यासाठी दोन साधनं तयार आहेत. पहिलं हंगामी वसतिगृह: आईवडील फडावर गेले, तरी मुलं गावातच नातेवाइकांकडे किंवा आजीआजोबांकडे राहतात आणि त्यांच्या जेवणाची व अभ्यासाची सोय शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली होते. दुसरं शिक्षण हमी पत्रक: मूल गाव सोडून जातच असेल, तर मूळ शाळा त्याची शैक्षणिक माहिती असलेलं हे पत्रक त्याच्या हाती देते आणि ते पाहून पोहोचल्या गावची शाळा त्याला लगेच वर्गात घेते. पण वसतिगृहाची मंजुरी कोयते निघायच्या आधी आली, तरच उपयोग. ट्रॅक्टर गेल्यावर आलेला आदेश त्या मुलांच्या काही कामाचा नसतो. म्हणून गावाने आणि पंचायत समितीने अशा मुलांची यादी गणेशोत्सवाच्या सुमारासच करायला हवी.

गैरसमज: दिव्यांग मुलाची जागा विशेष शाळेत.

वस्तुस्थिती: २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली आहे. ज्यांची दिव्यांगता ४० टक्के किंवा अधिक आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा घराजवळची की विशेष, हे मुलाने आणि पालकांनी ठरवायचं, मुख्याध्यापकाने नाही. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगता असेल, तर घरी शिकण्याचा पर्यायही आहे. पण तो मुलाचा पर्याय आहे. शाळेने आपली अडचण सोडवण्यासाठी मुलाला घरी बसवणं, असा त्याचा अर्थ होत नाही.

परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मागणं म्हणजे सवलतीची याचना नव्हे, तो याच कायद्यातला हक्क आहे. समग्र शिक्षा योजनेतून तालुक्याच्या पातळीवर विशेष शिक्षक नेमलेले असतात. आपल्या मुलासाठी ते शाळेत कधी येणार, हे पालकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांना जरूर विचारावं.

गैरसमज: खासगी विनाअनुदानित शाळांवर कुणाचाच अंकुश नाही.

वस्तुस्थिती: मान्यतेशिवाय शाळा चालवली, तर १ लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतरही चालू ठेवली, तर दिवसाला १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी-मुलाखत घेतली, तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. मारहाण आणि मानसिक छळ तर सर्वच शाळांत निषिद्ध आहे.

अल्पसंख्याक शाळा वगळता इतर विनाअनुदानित शाळांना २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांना द्याव्याच लागतात. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी शाळेला यातून सूट देणारा बदल राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो १९ जुलै २०२४ रोजी रद्द केला.

गैरसमज: शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे सह्यांपुरती.

वस्तुस्थिती: सरकारी शाळांतल्या या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्या लागतात. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणं, विकास आराखडा करणं आणि आलेला निधी कसा खर्च झाला हे पाहणं, हे तिचे अधिकार आहेत.

गैरसमज: तक्रार करून उपयोग नाही आणि करायची तर ती आईवडिलांनीच.

वस्तुस्थिती: ३२व्या कलमानुसार मुलाच्या शिक्षणहक्काबाबत कोणीही व्यक्ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकते. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही, तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. मूल तातडीच्या धोक्यात असेल, तर १०९८ हा क्रमांक आहे.

अर्ज साध्या कागदावर चालतो. मुलाचं नाव, अंदाजे वय, राहण्याचं ठिकाण, कोणत्या शाळेने कोणत्या तारखेला काय नाकारलं, एवढं लिहा आणि शिक्का-तारखेसह पोच घ्या. बांधकामावर, वीटभट्टीवर किंवा शेजारच्या घरात शाळेच्या वेळी काम करताना दिसलेल्या मुलासाठीही असा अर्ज तुम्ही देऊ शकता. त्या मुलाचे आईवडील तो लिहू शकतील असं नाही. तुम्ही लिहू शकता.