दोन लाव्हांमधलं तळं

दख्खनचा काळा पाषाण एका दमात ओतला गेलेला नाही. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकामागून एक येत राहिले आणि दोन लोटांच्या मध्ये कधी कधी हजारो वर्षांची उसंत मिळाली. त्या उसंतीत खडकाच्या खोलगट भागात पाणी साचलं, तळी झाली, काठाला झाडझाडोरा आला, त्यामागून बेडूक, कासवं, मगरी आल्या. मग पुढचा लोट आला आणि तळ्याच्या गाळावर कायमचं झाकण बसलं. भूवैज्ञानिक या गाळाला इंटरट्रॅपियन थर म्हणतात. विदर्भात विहीर खणताना किंवा रस्त्यासाठी टेकडी कापताना तो उघडा पडतो. वर काळा खडक, खाली काळा खडक, मध्ये राखाडी नाहीतर हिरवट पट्टा.

अशाच एका विहिरीच्या उपशावर काम करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांबरोबर मी होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जीवाश्म विकणारे अशा नावांच्या शोधातच असतात. विहिरीच्या मालकांना त्या पट्ट्याची ओळख आमच्याआधीपासून होती. ‘ताई, पानी तं याच थरातून लागलं,’ असं म्हणत त्यांनी काठावरून बोट दाखवलं. उपशाच्या ढिगातून मऊ, मातकट दगड वेगळा काढायचा, गोणीत भरायचा आणि गोणीवर थराची खोली लिहायची, एवढंच पहिल्या दिवसांचं काम. खोली लिहिली नाही तर गोणी फुकट. तळ्याचा गाळ खालून वर साचत जातो, त्यामुळे कोणता प्राणी आधीचा आणि कोणता नंतरचा हे सांगायला तेवढा एकच आकडा हाताशी असतो.

डायनोसॉरच्या हाडांसाठी कुदळ, छिन्नी, प्लास्टर लागतं. इथे लागते चाळणी. गोणीतली माती आधी कडक उन्हात वाळवायची. वाळवण्यात घाई केली की पुढचं सगळं बिघडतं, कारण ओलसर ढेकूळ पाण्यात नुसतं बसून राहतं. पूर्ण सुकलेलं ढेकूळ रॉकेलमध्ये भिजवायचं, ते आतपर्यंत मुरू द्यायचं, मग जादाचं रॉकेल ओतून काढून त्यावर पाणी घालायचं. हा क्षण बघण्यासारखा असतो. पाणी आत शिरून रॉकेलला बाहेर ढकलतं आणि दगडासारखं ढेकूळ कडांपासून सुटत सुटत डोळ्यांदेखत चिखल होतं. हा चिखल एकावर एक ठेवलेल्या चाळण्यांमधून पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवायचा. खालच्या चाळणीचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरचं. धार जोरात सोडली की नाजूक जबडे मोडतात, म्हणून हे काम उरकून टाकायची सवय असलेल्या माणसाला देत नाहीत.

धुऊन वाळवल्यावर गोणीभर मातीचा वाटीभर चुरा उरतो. खरी बैठक इथून पुढे. चौकटी आखलेल्या थाळीत चिमूटभर चुरा पसरायचा, थाळी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायची आणि एक चौकट संपली की दुसरी. हवा तो कण ओल्या ब्रशच्या टोकाला चिकटवून उचलायचा. पहिला तासभर मला सगळं सारखंच दिसत होतं. मग हळूहळू डोळा बसला. हाडाला एक तेलकट तपकिरी चकाकी असते, ती गारेच्या कणाला नसते. ऑस्ट्राकॉड नावाच्या इवल्या कवचधाऱ्यांच्या शिंपल्या ढिगानं दिसल्या, गोगलगाईंच्या शंखांचे तुकडे दिसले, माशांचे खवले आणि दात दिसले. कासवाच्या पाठीचा एक तुकडा आला, त्यावरची नक्षी तशीच शाबूत. सरड्याच्या जबड्याचा एक तुकडा आला. त्यावर तीन दात ओळीनं उभे होते आणि चौथ्याची जागा रिकामी होती. मगरीचे दात मात्र पुन्हा पुन्हा येत राहिले.

मगरीचेच एवढे का, हे समजून घेतल्याशिवाय तळ्याचा हिशेब चुकतो. मगर जन्मभर दात टाकते आणि नवे आणते. एकाच मगरीचे शेकडो दात गाळात जाऊ शकतात. सस्तन प्राण्याला दुधाचे आणि कायमचे एवढे दोनच संच मिळतात. शिवाय त्या काळातले इथले सस्तन प्राणी घुशी-उंदरांहून लहान, चिचुंद्रीच्या जातकुळीचे वाटावेत असे. त्यांचं हाड टिकणं दुर्मीळ, टिकतो तो दात. म्हणून चुऱ्यात मगरी जास्त दिसल्या म्हणजे तळ्यावर मगरींचंच राज्य होतं, असं लगेच म्हणता येत नाही. आम्ही पाहिलेल्या चुऱ्यात सस्तन प्राण्याचं काहीच निघालं नाही, आणि या कामात ते नेहमीचंच आहे.

पण एक दाढ सापडली तरी काय होतं, हे तेलंगणातल्या नासकलनं दाखवून दिलं आहे. तिथल्या इंटरट्रॅपियन गाळातून जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी मोहरीच्या दाण्याएवढ्या दाढा काढल्या आणि 1988 साली ‘डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी’ हे नाव जाहीर केलं. क्रिटेशियस काळातला भारतातला हा पहिला नोंदलेला सस्तन प्राणी. सरपटणाऱ्या प्राण्यांचा दात बहुधा साधा, टोकदार असतो. या दाढेवर उंचवटे आहेत, खळगा आहे, आणि वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खळग्यात बरोबर बसतो. किडे चिरडून खाणाऱ्याची ही दाढ. पुढे 1994 मध्ये नासकलच्याच घोट्याच्या हाडांचा अभ्यास झाला, तेव्हा हा प्राणी झाडावर चढणारा असावा असं दिसलं. म्हणजे तळ्याच्या काठाला झाडी होती याची साक्ष एका घोट्यानं दिली. त्याच गाळात ‘इंडोफिस साहनी’ हा सापही सापडला आहे. मध्य प्रदेशातल्या किसलपुरीच्या थरातून ‘भारतथेरियम’ हा आणखी एक सस्तन प्राणी आला. त्याच्या दाढा उंच, घासून खाणाऱ्याच्या, आणि त्याचे भाऊबंद मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेत. भारत तेव्हा आशियाला जोडलेला नव्हता, समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता. डेक्कनोलेस्टेसचे नातेवाईक आफ्रिका-युरोपकडे दिसतात, भारतथेरियमचे दक्षिणेच्या खंडांत. इथल्या तळ्यांकाठी दोन वेगवेगळ्या दिशांची बिऱ्हाडं कशी जमली, यावर अजून वाद चालू आहे, आणि मला या साऱ्या विषयातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच वाटतो. मोठ्या डायनोसॉरच्या हाडांपेक्षा त्याचं उत्तर या मोहरीएवढ्या दाढांतून निघण्याची शक्यता जास्त आहे.

डेक्कनोलेस्टेसच्या नावातला हिस्लोपी म्हणजे नागपूरचे स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या टाकळीचे असले थर त्यांनी आणि रॉबर्ट हंटर यांनी 1850 च्या दशकात धुंडाळले. 1863 मध्ये हिस्लॉप बुडून गेले. मुंबईचा वाटा तर त्याहून जुना. वरळी-मलबार हिलच्या गाळातल्या चिमुकल्या बेडकांचं वर्णन 1847 मध्येच रिचर्ड ओवेन यांनी केलं. पुढे त्या बेडकांना ‘इंडोबॅट्राकस’ हे नाव मिळालं. मुंबईतच अंबोलीच्या खाणीत कासवाची कवटी सापडली आणि 2003 मध्ये ‘सांकुचेमिस’ हे कासव नोंदलं गेलं. आज त्या टेकड्यांवर इमारती आहेत. मुंबईच्या तळ्यांचा जो काही हिशेब करायचा तो बहुतांशी जुन्या संग्रहांतून करावा लागतो.

विदर्भात तशी वेळ अजून आलेली नाही, पण पट्टे झपाट्यानं जात आहेत. रस्ता रुंद होतो, खाण पुढे सरकते, विहीर बांधून काढली की थर काँक्रीटमागे जातो. उपसा शेताच्या बांधावर पसरला की वरचं-खालचं एक होऊन जातं. म्हणून विहीर खणताना दोन काळ्या खडकांच्या मध्ये मऊ राखाडी-हिरवट माती लागली तर तिचा ढीग वेगळा ठेवावा, किती फुटांवर लागली ते लिहावं, दोन फोटो काढावेत आणि जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला कळवावं. आम्ही गेलो त्या विहिरीच्या मालकांनी ढीग वेगळा ठेवला होता आणि खोली खडूनं पंपाच्या खोलीच्या भिंतीवर लिहून ठेवली होती. गोण्यांवर आम्ही तोच आकडा उतरवून घेतला.