घाट उतरताना गिअर कुठला?

बचत गटाच्या वह्या आज बाजूला ठेवू या. थंडी पडली की शनिवार-रविवार कुठंतरी डोंगरात जायची टूम निघते आणि हल्ली त्यासाठी फोर-बाय-फोर गाडी हवी असते. तिच्याबद्दल थोडं सांगते. मी गाडी चालवत नाही, मागच्या सीटवर बसते. पण तिथूनही बरंच कळतं.

आमची राई खाडी-मिठागरांच्या शेजारची, सगळी सपाट. आम्हाला माहीत असलेला चढ म्हणजे रेल्वेवरचा पूल. गेल्या जानेवारीत भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, मित्राची फोर-बाय-फोर आणली आणि सासूबाई, जाऊबाई, मुलं असे आम्ही सातजण भंडारदऱ्याला निघालो. ठाणे, भिवंडी, कसारा घाट, इगतपुरी, घोटी. तिथून आत वळलं की बारी लागतं, डोक्यावर कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच. पुढं धरणाजवळ शेंडी. जलाशयाला वळसा घालून रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर पाहिलं, साम्रद पाहिलं, घाटघरला कड्यावरून खाली कोकण पाहिलं. थंडी अशी की सासूबाईंनी दोन स्वेटरांवर शाल घेतली आणि तरी चहाचा पेला हातातून सोडेनात.

आता गाडीचं. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो, पुढच्या किंवा मागच्या. फोर-बाय-फोरमध्ये तो चारही चाकांना देता येतो. चिखलात, वाळूत, दगडगोट्यांच्या चढावर एक चाक नुसतं फिरायला लागलं तर बाकीची गाडी ओढून काढतात. 'फोर-लो' लावलं की वेग कमी होतो आणि ताकद वाढते. पण कोरड्या डांबरी रस्त्यावर अशा बऱ्याच गाड्या दोन चाकांवरच चालवायच्या असतात, नाहीतर वळणावर आतले भाग एकमेकांशी झगडतात. आणि रस्ता सोडून रानात घालायची हौस तिथं नको. तो कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे.

मुख्य गोष्ट अशी, की फोर-बाय-फोर गाडी चढायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक तर कुठल्याही मोटारीला चारही चाकांना असतात. आम्हाला हे ठाऊक नव्हतं.

रविवारी संध्याकाळी परतताना इगतपुरीच्या पुढं उतार सुरू झाला. इगतपुरी साधारण ६०० मीटरवर आहे, कसारा त्याच्या निम्म्यावर. हा चढ इतका खडा, की इगतपुरीकडे वर जाणाऱ्या रेल्वेगाडीला ढकलायला मागून जादा इंजिनं लावतात. भाऊजींनी गाडी न्यूट्रलला टाकली. "वहिनी, डिझेल वाचतं," म्हणाले. दोन वळणं गेली आणि मला जळका वास आला, रबर करपल्यासारखा. मी बोलले नाही. गाडीतलं आपल्याला काय कळतं, असं वाटलं. तिसऱ्या वळणाला भाऊजींचा चेहराच बदलला. पाय दाबतायत आणि पेडल मऊ पडलंय. नशीब, त्यांनी घाईनं तिसरा, मग दुसरा गिअर टाकला, इंजिन ओरडलं, वेग उतरला आणि रुंद जागा बघून गाडी कडेला थांबली. चाकांना दगड लावले. धाकटा सासूबाईंच्या मांडीवर झोपलेला होता, त्याला पत्ताच नाही.

झालं काय होतं? ब्रेक घासून गाडीचा वेग कमी करतात आणि त्या घासण्यानं तापतात. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला तर ते इतके तापतात की पकड सुटते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात पाणी शोषलेलं असतं. उष्णतेनं त्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं. गाडी गिअरमध्ये असली तर इंजिनच चाकांना मागं धरतं, ब्रेकवर भार कमी येतो. न्यूट्रलमध्ये तो आधार जातो. आणि डिझेल वाचतं हेही खरं नाही! हल्लीच्या गाड्यांत गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंधन आपोआप थांबतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला जळतच राहतं. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट, कारण मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

आमच्यामागे थांबलेल्या एका ट्रकवाल्या काकांनी एवढंच सांगितलं, "ज्या गिअरनं चढाल त्याच गिअरनं उतरा." तापलेल्या चाकांवर पाणी ओतू दिलं नाही. अर्धा तास बसलो, मग दुसऱ्या गिअरवर हळूहळू कसारा गाठलं.

थंडीचं आणखी थोडं. पहाटेच्या धुक्यात लाइट खालचा ठेवायचा, वरचा लावला तर उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. त्यापेक्षा ऊन वर आल्यावर निघावं. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्यानं वाट द्यायची, असा नियमच आहे. आणि तलावाकाठी तंबूत राहिलात तर कितीही गारठलात तरी कोळशाची शेगडी आत घेऊ नका. तिच्या धुराआडचा विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

यंदा पुन्हा निघालोय. ब्रेक ऑइल बदलून झालंय, जाऊबाई ड्रायव्हिंग शिकतायत. भाऊजी आता साध्या पुलाच्या उतारावरसुद्धा आरशातून मागं बघतात आणि मोठ्यानं म्हणतात, "वहिनी, दुसरा टाकला बरं का."