पडद्यावरची निळी पाटी

अमेरिकेत चार-पाच वर्षं काढलेल्या बहुतेक घरांनी ही पाटी पाहिलेली असते. रिमोट दाबावा, नेहमीचा चॅनल लावावा, आणि बातम्या देणाऱ्या ओळखीच्या चेहऱ्याऐवजी निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यावीत: चॅनलच्या मालकांनी अवाच्या सवा पैसे मागितले आणि चॅनल काढून घेतला, आम्ही तुमच्यासाठी लढतो आहोत. त्याच वेळी चॅनलवाले रेडिओवर जाहिरात करत असतात की तुमच्या केबल कंपनीने आम्हाला बंद केलं, त्यांना फोन करून जाब विचारा. दोघंही आपल्यासाठीच लढत असतात. दोघांच्या खिशात जाणारा पैसाही आपलाच असतो. तो घरटी किती दराने जातो, हे मात्र गुप्त करारात बंद असतं.

लग्नाआधी मी साताऱ्याला ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. एकच विकणारा आणि एकच घेणारा असेल, तर भाव बाजार ठरवत नाही. जो जास्त दिवस उपाशी राहू शकतो तो ठरवतो, हे मुलांना पटवून देताना धड उदाहरण सापडायचं नाही. मग गावातली एकमेव पिठाची गिरणी आणि एकमेव बेकरी असं काहीतरी मी रचून सांगायचे. ओहायोत आल्यावर ते उदाहरण दिवाणखान्यातच येऊन बसलं. पुस्तकातल्या आकृतीत गिऱ्हाइकाला जागा नसते, इथे ते सोफ्यावर बसलेलं असतं, एवढाच फरक.

केबल मुळात सुरू झाली ती डोंगरांमुळे. १९४८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया, ऑरेगन अशा भागांतल्या दऱ्याखोऱ्यांमध्ये टीव्ही स्टेशनचे सिग्नल पोचत नसत. तेव्हा काही हिकमती लोकांनी उंचावर अँटेना उभारले आणि तिथून तारेने सिग्नल घरोघर आणला. त्यांनी स्टेशनला काही देण्याचा प्रश्नच नव्हता. स्टेशनचा सिग्नल हवेतून सगळ्यांना फुकटच मिळत होता, आणि प्रेक्षक वाढले तर जाहिरातीचा दर वाढणार होता.

पुढे केबल डोंगरातून शहरात उतरली, कंपन्या मोठ्या झाल्या आणि स्टेशनवाल्यांना वाटू लागलं की आमच्या जिवावर हे गब्बर होताहेत. १९९२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने नवा केबल कायदा केला. थोरल्या बुश यांनी त्यावर नकाराधिकार वापरला आणि काँग्रेसने तो उलथवला. त्यांच्या चार वर्षांच्या कारकिर्दीत उलथवला गेलेला हा एकमेव नकाराधिकार! या कायद्याने प्रत्येक स्थानिक स्टेशनला दर तीन वर्षांनी निवड करायला सांगितलं. एक तर केबलने आम्हाला दाखवलंच पाहिजे असा हक्क घ्या, पण मग पैसे मागू नका. किंवा आमच्या परवानगीशिवाय दाखवायचं नाही असं म्हणा, आणि परवानगीची किंमत बोलणी करून ठरवा. ज्याच्याकडे रविवारचा फुटबॉल आहे, तो पहिला पर्याय कशाला घेईल?

सुरुवातीला केबल कंपन्यांनी रोख पैसे द्यायला साफ नकार दिला. १९९३ च्या पहिल्या फेरीत मग तोडगा निघाला तो असा: रोख राहू द्या, आमचा आणखी एक चॅनल तुमच्या यादीत घ्या. ईएसपीएन-टू आणि एफएक्स हे चॅनल त्या सौद्यातून आले. आपल्या यादीत दोनशे चॅनल का असतात आणि त्यातले आठ-दहाच आपण का बघतो, याचं एक उत्तर इथे सापडतं. रोखीचा आग्रह नंतरच्या वर्षांत धरला गेला, आणि मग पाट्या वाढल्या.

या पाट्या लागण्याच्या तारखा पाहण्यासारख्या आहेत. ७ मार्च २०१० ला न्यूयॉर्क परिसरातल्या केबलव्हिजनच्या सुमारे तीस लाख घरांतून एबीसी गेला. त्या रात्री ऑस्कर होतं. सोहळा सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटं झाल्यावर चॅनल परत आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच घरांतून फॉक्स गेला, तो ऐन बेसबॉलच्या मोसमात. लोकांचे वर्ल्ड सिरीजचे पहिले दोन सामने बुडाले. २०१३ मध्ये सीबीएस आणि टाइम वॉर्नर केबलचं भांडण पूर्ण ऑगस्ट चाललं, आणि फुटबॉलचा मोसम तोंडावर आल्यावर २ सप्टेंबरला मिटलं. २०२३ मध्ये डिस्नेचे चॅनल स्पेक्ट्रमच्या जवळपास दीड कोटी घरांतून गेले ते यूएस ओपन टेनिस चालू असताना, आणि आले ते सोमवारच्या पहिल्या फुटबॉल सामन्याच्या काही तास आधी. २०२४ मध्ये १ सप्टेंबरला, पुन्हा यूएस ओपनमध्येच, डिस्ने आणि डायरेक्टीव्हीचं वाजलं. एक कोटीहून जास्त घरं दोन आठवडे थांबली. दुखतं कुठे हे दोन्ही बाजूंना नेमकं ठाऊक असतं.

भांडण मिटलं की सगळं पूर्वीसारखं होतं, असंही नाही. २०२३ च्या तडजोडीत स्पेक्ट्रमच्या ग्राहकांना डिस्ने प्लस मिळालं, पण आठ छोटे चॅनल गेले. त्यात डिस्ने ज्युनिअर होता. ज्यांच्या घरी तीन-चार वर्षांचं मूल होतं त्यांनी त्या करारावर सही केली नव्हती.

पैसा एवढा का लागतो? बराचसा खेळांसाठी. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलने २०२१ मध्ये जे करार केले ते अकरा वर्षांचे आणि एकूण शंभर अब्ज डॉलरच्या वरचे आहेत. हे पैसे नेटवर्क देतात. नेटवर्क ते स्थानिक स्टेशनकडून वसूल करतात, स्टेशन केबलकडून, आणि केबल आपल्या बिलात ‘ब्रॉडकास्ट टीव्ही फी’ नावाची वेगळी ओळ घालून आपल्याकडून. दुसरीकडे केबल सोडणारे वाढताहेत, म्हणजे उरलेल्यांवर बोजा आणखी. आमच्या बिलातली ती ओळ वीस डॉलरच्या पुढे गेली आहे. आमच्या घरात फुटबॉल कुणालाच कळत नाही.

आता आमच्या शहराची गोष्ट. दोन हिवाळ्यांपूर्वी ३१ डिसेंबरला इथल्या एका स्टेशनचा करार संपला आणि १ जानेवारीला सकाळी पाटी लागली. कंपन्यांची नावं लिहीत नाही. दुसऱ्या शहरात दुसऱ्या नावांनी हेच घडलेलं आहे. माझे सासरे तेव्हा सहा महिन्यांसाठी आले होते. त्या स्टेशनचा हवामान सांगणारा माणूस हा त्यांचा इथला पहिला मित्र. रोज संध्याकाळी सहाला ते वही घेऊन बसत, फॅरनहाइटचं सेल्सिअस करत आणि दुसऱ्या दिवशी फिरायला जायचं की नाही ते ठरवत. पाटी लागल्यावर ते दोन दिवस तिच्यापुढेच बसले. मग म्हणाले, “सूनबाई, हे म्हणजे दूध संघ आणि डेअरीचं भांडण आणि पोरगं उपाशी.”

त्यांची करमणूक गेली, एवढंच. आमच्या मंडळातल्या एका काकूंचं तसं नव्हतं. काकांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आमच्या ओहायोत बर्फ पडलं की काउंटीचा शेरीफ लेव्हल वन, टू, थ्री जाहीर करतो, आणि थ्री म्हणजे रस्ता बंद. ही लेव्हल आणि शाळा, दवाखाने, सेंटर उशिरा उघडणार असल्याच्या सूचना स्टेशनच्या सकाळच्या बातम्यांखाली सरकत्या पट्टीवर येतात. काकू पहाटे साडेपाचला ती पट्टी बघून काकांना उठवायचं की झोपू द्यायचं ते ठरवत. जानेवारीतल्या त्या बर्फाच्या पहाटे पट्टीच्या जागी पाटी होती. काकूंनी काकांना कोट, टोपी, बूट चढवले आणि दाराजवळच्या खुर्चीत बसवलं. सेंटर त्या दिवशी दोन तास उशिरा उघडणार होतं. गाडी येईपर्यंत काका तसेच बसून होते, कोटासकट.

मुलाने टेक्सासहून फोनवर सांगितलं, आई, ॲपवर सगळं असतं. काकू मला म्हणाल्या, “ॲप बघायला चष्मा शोधावा लागतो गं. पट्टी बघायला मान वर केली की झालं.” चॅनल एकोणीस दिवसांनी परत आला. केबल कंपनीने आभाराची पाटी लावली.

भारतातल्या नातेवाइकांना वाटेल की ही अमेरिकेची थेरं. तर फेब्रुवारी २०२३ आठवा. दरांच्या नव्या करारांवर सह्या न करणाऱ्या केबल कंपन्यांचे सिग्नल तीन मोठ्या प्रसारण समूहांनी तोडले. साडेचार कोटी घरांना फटका बसल्याचं केबलचालकांच्या संघटनेने सांगितलं. माझ्या माहेरी, मिरजेला, आईच्या मालिका बंद झाल्या. आईने केबलवाल्याला फोन केला, तो संध्याकाळी दारात आला, चहा घेतला आणि “काकू, वरूनच बंद आहे” म्हणाला. तो तरी दुसरं काय सांगणार! पण आईला रागवायला समोर एक माणूस होता. इथे आमच्या वाट्याला वीस मिनिटं बासरी वाजवणारा फोन येतो.

तिकडची आणखी एक गोष्ट मला बरी वाटते. २०१९ पासून ट्रायच्या नियमाने प्रत्येक सशुल्क चॅनलची किंमत जाहीर करावी लागते आणि ग्राहकाला एकेक चॅनल निवडून घेता येतो. वाद झालाच तर टीडीसॅट नावाचं स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. बिल त्यामुळे कमी झालं असं माहेरी कुणी म्हणत नाही. पण आपण कशाचे किती देतो हे आईला माहीत आहे. मला नाही.

इथला नियम दोन्ही पक्षांनी प्रामाणिकपणे बोलणी करावीत, एवढंच सांगतो. दर ठरवून देणं एफसीसीच्या हातात नाही. चॅनल बंद असलेल्या दिवसांचे पैसे ग्राहकांना परत द्यावेत, असा प्रस्ताव एफसीसीने जानेवारी २०२४ मध्ये मांडला. मार्च २०२४ मध्ये निदान एक नियम झाला: जाहिरातीत आणि बिलात अशा फीसकट पूर्ण किंमत दाखवायची.

तोवर घरी करता येण्यासारखं काही आहे. चॅनल गेला की केबल कंपनीला फोन करून क्रेडिट मागा. आपणहून सहसा देत नाहीत. मागणाऱ्याला बरेचदा मिळतं. आम्हाला मिळालं. दुसरं म्हणजे अँटेना. ज्या स्थानिक स्टेशनवरून भांडण होतं ते आजही हवेतून फुकट येतं, हे आपल्यातल्या अनेकांना माहीतच नसतं. वीस-तीस डॉलरचा चपटा अँटेना खिडकीला चिकटवला आणि आमच्याकडे तीसच्या वर चॅनल लागले, चित्रही केबलपेक्षा स्वच्छ. पण २००९ पासून प्रसारण डिजिटल आहे, त्यामुळे सिग्नल कमी पडला तर पूर्वीसारख्या मुंग्या येत नाहीत, चित्र थिजतं किंवा येतच नाही. काकूंचं घर तळमजल्यावर, इमारतीच्या मागच्या बाजूला. तिथे तीन खिडक्या फिरून झाल्या, शेवटी माझ्या नवऱ्याने तार ओढून अँटेना बाल्कनीच्या कठड्याला बांधला तेव्हा ते स्टेशन लागलं. सोबत एक वेदर रेडिओही आणून दिला आहे. राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा आला की तो आपोआप वाजतो. काकूंचं म्हणणं, तो फार दचकवतो.

बिलाचं शेवटचं पान आता मी वाचते. लवकरच करार संपत असलेल्या चॅनलांची यादी तिथे बारीक अक्षरांत छापलेली असते. ऑक्टोबरच्या बिलात अकरा नावं आहेत. काकूंचं स्टेशन त्यात नाही. आमच्या मुलांच्या कार्टूनचा चॅनल आहे, ३१ डिसेंबर. मुलांना अजून सांगितलेलं नाही.