अधिवेशनातील मागची रांग

ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात ज्या विद्येचा आम्ही अभ्यास करीत होतो, तिचे अधिष्ठान डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेली पाच सूत्रे आणि वर्गीकरणाचे अंक हे होते. परंतु रोज दार उघडून, केर काढून आणि दाखल नोंदवहीत स्वहस्ते नोंदी करून ती सूत्रे जिवंत ठेवणारी माणसे कोणत्या परिस्थितीत काम करतात, हे मला लोणावळ्यास भरलेल्या ग्रंथालय-अधिवेशनास विद्यार्थिनी म्हणून हजर राहिल्यावरच यथार्थतेने कळले.

नावनोंदणी, दीपप्रज्वलन, स्वागताची भाषणे हे उपचार यथासांग पार पडले. नंतरचे निबंधवाचनही अभ्यासपूर्ण होते आणि त्यात संगणकीय तालिकेचाच विषय प्रामुख्याने होता. भोजनोत्तर मी मागच्या रांगेत, मावळातल्या खेड्यांतून आलेल्या ग्रंथपालांमध्ये जाऊन बसले. आंदर मावळातील एका वाचनालयाचे वृद्ध ग्रंथपाल मला म्हणाले, "ताई, सकाळपासून सगळं ऐकलं. पण तुमच्या शास्त्रात आमचा पावसाळा कुठं येतो?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. ते त्यांच्याचपाशी होते. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावयाची, खालचा कप्पा रिकामा करावयाचा, ग्रंथांच्या मागे वेखंडाचे तुकडे आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावयाचा. बुरशी धरलीच, तर ओली असताना तिला हात न लावता ग्रंथ वाऱ्यावर सुकवून मग मऊ कुंचल्याने बाहेर अंगणात झाडावयाचा, कारण घरात झाडल्यास ती शेजारच्या ग्रंथांवर बसते. पाऊस सरल्यावरही पुस्तके उन्हात न टाकता सावलीतच उघडी ठेवावयाची, उन्हाने कागद ठिसूळ होतो. दिवाळी अंकांची त्यांना विशेष चिंता वाटे; त्यांतील गुळगुळीत पाने दमटपणाने एकमेकांस अशी चिकटतात की सोडवू जाता छापील मजकूरच निघून येतो, म्हणून ते अंक श्रावणभर अधूनमधून पान पान उलटून ठेवतात. हे ज्ञान आमच्या अभ्यासक्रमात असावयास हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यांनी पिशवीतून आणलेली जुनी नोंदवही मी पाहिली. दाखल क्रमांक, दिनांक, ग्रंथनाम, किंमत, शेरा, आणि भेट आलेल्या ग्रंथांपुढे दात्याचे व त्याच्या गावाचे नाव. लोणावळ्याजवळच्याच कार्ले लेण्यातील चैत्यगृहाच्या स्तंभांवर धेनुकाकट येथील दात्यांची नावे त्यांच्या गावासह ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. दानाची लेखी नोंद ठेवण्याची ही रीत या खोऱ्याला दोन हजार वर्षांपासून परिचित आहे.

सायंकाळच्या खुल्या अधिवेशनात ठराव आले, त्यांत सेवकांच्या वेतनश्रेणीचा ठराव अग्रस्थानी होता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला, परंतु १९४८ च्या मद्रासच्या कायद्यातील ग्रंथालय-उपकराची तरतूद त्यात नाही; त्यामुळे गावच्या वाचनालयाची सारी भिस्त वर्गणीवर आणि अ, ब, क, ड या वर्गवारीनुसार हप्त्यांनी मिळणाऱ्या सरकारी अनुदानावर राहते. हप्ता लांबला की ग्रंथखरेदी थांबते आणि ग्रंथपालाचा पगारही थांबतो. ज्याच्या हाती गावाची वाचनसंपत्ती सोपविली, त्याच्या उदरनिर्वाहाविषयी समाजाने व सरकारने इतके उदासीन राहावे, हे अन्याय्य आहे. ठरावाला सर्वांनी हात वर केले, मीही केला.

ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अशा अधिवेशनांना अवश्य जावे आणि प्रमाणपत्र घेऊन दुपारच्या गाडीने न परतता मागच्या रांगेतल्या ग्रंथपालांशी बोलावे. आणि वर्षासहलीसाठी मावळात येणाऱ्या वाचकांनी वाटेवरच्या एखाद्या गावच्या वाचनालयात डोकावून, निदान एक वर्षाची वर्गणी भरून पावती घ्यावी.