अर्धशिशी मानेत नसते

परवा ओळखीतली एक मुलगी घरी आली. वय सव्वीस. महिन्यातून चार-पाच वेळा तिचं अर्धं डोकं ठणकतं, उलट्या होतात, पडद्याच्या फटीतून येणारं ऊनही सोसवत नाही. तिनं मोबाइलवरचा एक व्हिडिओ माझ्यासमोर धरला. टेबलावर उताणी झोपलेली बाई, उशाशी उभा असलेला माणूस. त्यानं तिचं डोकं दोन्ही हातांत घेतलं, मान हळूच एका बाजूला नेली आणि झटका दिला. मानेजवळ लावलेल्या माइकमधून ‘कडाक्’ आवाज आला. बाई डोळे पुसत उठली.

“काकू, मी अपॉइंटमेंट घेतलीय. मणका सरकून नस दबलीय म्हणे. एकदा मान मोडून घेतली की सुटले!”

मला स्वतःला वीस वर्षं अर्धशिशी आहे. हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

गैरसमज: मानेचा मणका सरकल्यानं अर्धशिशी होते, मान मोडली की ती जाते.

अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, हा मेंदूचा आणि चेतासंस्थेचा आजार आहे. त्याची प्रवृत्ती बरेचदा घराण्यातून येते. अटॅक येतो तेव्हा चेहऱ्याची आणि मेंदूच्या आवरणांची संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस चेतवली जाते. तिच्या टोकांशी सीजीआरपी नावाचं रसायन सुटतं आणि ठणका सुरू होतो. यावरच्या संशोधनासाठी लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसन यांना 2021 चं ‘ब्रेन प्राइझ’ मिळालं. सीजीआरपीला अडवणारी औषधं 2018 पासून वापरात आहेत आणि त्यांनी अनेकांचे अटॅक कमी झाले आहेत. दुखण्याचं मूळ सरकलेल्या मणक्यात असतं, तर एक रसायन अडवून ते आटोक्यात कसं आलं असतं?

“पण माझी मान खरंच धरते हो!” धरतेच. अर्धशिशीत मळमळीपेक्षाही जास्त जणांची मान दुखते. मानेतल्या वरच्या तीन नसा आणि ट्रायजेमिनल नस एकाच केंद्रात येऊन मिळतात, म्हणून डोक्यातली कळ मानेत उतरते. कित्येकांची मान डोकं दुखायच्या आधी, कधी आदल्या दिवशीच आखडते. त्याच वेळी जांभया येतात, गोड खावंसं वाटतं. जांभयांमुळे अर्धशिशी झाली असं कुणी म्हणत नाही, मानेला मात्र आरोपी ठरवतात. मान दुखणं हे या आजाराचं लक्षण आहे, कारण नव्हे. वय वाढतं तशी मानेच्या मणक्यांची थोडी झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते. ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणून तीच दाखवली जाते.

आता तो आवाज. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा, असं लोकांना वाटतं. सांधा ताणला की आतल्या वंगणासारख्या द्रवातला दाब एकदम घटतो आणि तिथे वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये बोटं मोडतानाच्या एमआरआयमध्ये हे प्रत्यक्ष टिपलं. बोटं मोडताना आपण कुठलं हाड जागेवर बसवतो? मग मानेच्याच आवाजाला एवढं महत्त्व कशाला?

मणक्यांना असे झटके देणारी कायरोप्रॅक्टिक ही पद्धत मुळात 1895 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट इथे डॅनियल डेव्हिड पामर यांनी सुरू केली. ते त्याआधी चुंबकीय उपचार करत. बहुतेक सगळे रोग मणके सरकल्यानं होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आज त्या पेशातले अनेक जणही तसं मानत नाहीत. पण अर्धशिशीच्या जाहिरातींत तीच समजूत अजून विकली जाते.

“पण लोकांना गुण येतो ना?” याची चाचणी नॉर्वेत झाली आणि 2017 मध्ये ‘युरोपियन जर्नल ऑफ न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झाली. संशोधकांच्या चमूत कायरोप्रॅक्टरही होते. अर्धशिशीच्या 104 रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला मणक्यांवर खरा उपचार दिला. दुसऱ्याला खांद्यामागच्या हाडाच्या कडेवर किंवा कुल्ल्यावर नुसता दाब दिला, म्हणजे उपचाराचा आभास. तिसऱ्या गटानं आपली नेहमीची औषधं चालू ठेवली. अर्धशिशीचे दिवस तिन्ही गटांत कमी झाले. पुढे तिसऱ्या गटाचा फायदा ओसरला, पहिल्या दोघांचा टिकला. पण खरा उपचार आणि खोटा दाब यांत फरक निघाला नाही. खोटा दाब मिळालेल्यांतही बहुतेकांना आपल्याला खराच उपचार मिळतोय असं वाटत होतं. गुण बहुधा प्लासिबोचा, म्हणजे उपचार मिळतोय या विश्वासाचा, असा निष्कर्ष संशोधकांनीच काढला. अभ्यास लहान आहे, हे मान्य. पण झटक्याच्या बाजूनं याहून भक्कम पुरावा असल्याचं मला तरी दिसलेलं नाही.

फायदा नाही तर नाही, निदान तोटा तरी नाही, असंही म्हणता येत नाही. मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून दोन रोहिण्या मेंदूकडे जातात. त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडली तर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. मानेला झटका देण्याचा या चिरेशी संबंध आढळतो, तेव्हा रुग्णाला आधी तशी कल्पना द्यावी, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2014 च्या निवेदनात म्हटलं आहे. असं क्वचितच घडतं. झटक्यानं चीर पडते, की चीर आधीच पडल्यानं मान दुखते आणि म्हणून माणूस तिथे जातो, यावर वाद आहे. पण दोन्ही बाजूंनी विचार करा: चिरलेल्या रोहिणीवर झटका देणं तरी कुणाला परवडेल? सलूनमध्ये कटिंगनंतर मान मोडून घेणाऱ्यांनीही ऐकावं. दिल्लीत अशाच एका प्रकारानंतर एका माणसाच्या श्वासपटलाची नस निकामी झाल्याची बातमी 2017 मध्ये आली होती. मान मोडून घेतल्यावर चक्कर आली, दोन-दोन दिसू लागलं, जीभ जड झाली किंवा तोल गेला, तर लगेच हॉस्पिटल गाठा.

मानेच्या सांध्यांतूनच उगम पावणारी वेगळी डोकेदुखीही असते. तिच्यात फिजिओथेरपीचा उपयोग होऊ शकतो. पण ती अर्धशिशी नव्हे आणि हा फरक डॉक्टरांनी तपासून ठरवायचा असतो. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणारी राज्य परिषद आहे. कायरोप्रॅक्टरसाठी अशी वैधानिक परिषद आपल्याकडे नाही. तेव्हा भिंतीवरचं प्रमाणपत्र नीट वाचा.

इतर गैरसमज थोडक्यात:

‘हे पित्त आहे, उलटी काढली की बरं वाटतं.’ अटॅकमध्ये जठराचं काम मंदावतं, मळमळ होते. उलटी हा त्या अटॅकचाच भाग आहे. घशात बोटं घालू नका.

‘हा बायकांचा, नाजूकपणाचा आजार.’ स्त्रियांमध्ये प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट, त्यात हार्मोन्सचा वाटा मोठा. पण पुरुषांनाही होतो. कर्नाटकातल्या पाहणीत वर्षभरात सुमारे चारांतल्या एका प्रौढाला अर्धशिशी असल्याचं आढळलं.

‘उपवासानं डोकं हलकं होतं.’ जेवण चुकणं हेच अनेकांच्या अटॅकचं निमित्त असतं.

‘दुखलं की गोळी, कितीही चालते.’ साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ घेतलं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. ट्रिप्टान (अटॅक थांबवणारी औषधं) आणि मिश्र गोळ्यांसाठी ही मर्यादा दहाच दिवसांची.

‘यावर इलाजच नाही.’ आहे. अटॅक थांबवायला ट्रिप्टान, तो येऊ नये म्हणून प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट. कोणतं औषध कुणाला, हे डॉक्टर ठरवतात. स्वीडनमधल्या 2011 च्या एका अभ्यासात आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटांचा व्यायाम टोपिरामेटच्या तोडीचा ठरला.

त्या मुलीला मी एक वही दिली. अटॅकची तारीख, किती तास दुखलं, आदल्या रात्रीची झोप, जेवणाची वेळ, पाळी, घेतलेली गोळी, एवढंच लिहायला सांगितलं. दोन महिन्यांनी ती वही न्यूरॉलॉजिस्टपुढे ठेवायची. तुम्हीही हेच करा. आणि डोकेदुखी विजेसारखी अचानक आली, तापासोबत आली, हातपाय लुळे पडले, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झाली, तर वहीसाठीही थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मान मात्र कुणाच्या झटक्याखाली देऊ नका.